वारशाचा धागा

घरात बाळ जन्माला आले, की पाहायला येणारी माणसे आधी एकच गोष्ट शोधतात. बाळ कोणावर गेले? नाक आजोबांचे, डोळे आईचे, हसणे मामाचे, अशी चर्चा रंगते. आंब्याच्या कोयीतून आंबाच उगवतो, बाभूळ उगवत नाही. मांजरीला मांजराचीच पिले होतात. आईवडिलांकडून मुलांकडे गुण येतात, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण हे गुण येतात कशातून? शरीरातील कोणता पदार्थ हा वारसा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पोहोचवतो? विसाव्या शतकाची चाळीस वर्षे उलटली, तरी या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणाजवळही नव्हते. ते उत्तर शोधले न्यूयॉर्कमधील एका साध्या राहणीच्या, किरकोळ अंगाच्या डॉक्टरांनी. त्यांचे नाव ऑस्वाल्ड थिओडोर ॲव्हरी. आश्चर्याची गोष्ट अशी, की हे उत्तर शोधायला ते निघालेच नव्हते. ते निघाले होते एका आजाराशी लढायला.

ऑस्वाल्डचा जन्म २१ ऑक्टोबर १८७७ रोजी कॅनडा देशातील हॅलिफॅक्स या बंदराच्या गावी झाला. त्याचे आईवडील इंग्लंडहून तेथे आले होते. वडील जोसेफ हे धर्मोपदेशक होते. ऑस्वाल्ड दहा वर्षांचा असताना, १८८७ साली, हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. तेथील एका गरीब वस्तीतील चर्चचे काम वडिलांकडे होते. खलाशी, मजूर आणि परदेशांतून नुकतीच आलेली कुटुंबे त्या वस्तीत राहत. थोरला भाऊ अर्नेस्ट आणि ऑस्वाल्ड या दोघांना कॉर्नेट नावाचे तुतारीसारखे वाद्य वाजवण्याचा छंद लागला. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून दोघे भाऊ हे वाद्य वाजवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत बोलावत.

पण हे सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १८९२ या एकाच वर्षात अर्नेस्ट वारला आणि वडीलही गेले. घरात आई, पंधराव्या वर्षात असलेला ऑस्वाल्ड आणि लहानगा रॉय एवढेच उरले. आईने धीर सोडला नाही. तिने समाजसेवेच्या कामात नोकरी धरली आणि मुलांचे शिक्षण चालू ठेवले. आपल्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या रॉयला ऑस्वाल्डने पुढे वडिलांसारखी माया दिली.

ऑस्वाल्ड कोलगेट विद्यापीठात शिकला. तेथे त्याने भाषा, साहित्य आणि वक्तृत्व यांत नाव मिळवले. कॉलेजच्या वाद्यवृंदाचा तो प्रमुख होता. विज्ञानाचे विषय मात्र त्याने सक्तीचे होते तेवढेच घेतले. १९०० साली पदवी मिळाल्यावर त्याने एकदम वाट बदलली आणि तो वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला. १९०४ साली ऑस्वाल्ड ॲव्हरी डॉक्टर झाले.

काही वर्षे त्यांनी रुग्ण तपासले. पण त्यांच्या मनाला समाधान मिळेना. दम्याचे आणि फुफ्फुसाच्या जुनाट विकारांचे रुग्ण त्यांच्याकडे येत. त्यांना धीर देण्यापलीकडे डॉक्टरांना फारसे काही करता येत नसे. आजाराचे मूळच माहीत नाही, तर इलाज कशावर करायचा? हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर १९०७ साली त्यांनी दवाखाना सोडला आणि ब्रुकलिन येथील होगलंड प्रयोगशाळेत ते जीवाणूंचा अभ्यास करू लागले. दुधाचे दही करणारे जीवाणू हा तेथील त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासाचा एक विषय होता. आपल्या घरी रात्री दुधाला विरजण लावतात आणि सकाळी दही होते. ही किमया या इवल्याशा जीवांचीच असते. जीवाणू काय खातात, काय तयार करतात, कशाने वाढतात आणि कशाने मरतात, हे सारे ॲव्हरी बारकाईने शिकले.

त्यांचा क्षयरोगावरील एक निबंध न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संशोधन संस्थेच्या रुग्णालयाचे प्रमुख रूफस कोल यांच्या वाचनात आला. असा काटेकोर माणूस आपल्याकडे हवा, असे त्यांना वाटले. त्यांनी ॲव्हरींना पत्र पाठवले. उत्तर आले नाही. पुन्हा लिहिले, तरी उत्तर नाही! ॲव्हरी आपल्या कामात इतके बुडालेले असत, की पत्रव्यवहाराकडे त्यांचे लक्षच नसे. शेवटी कोल स्वतः जाऊन त्यांना भेटले. १९१३ साली ॲव्हरी रॉकफेलर संस्थेत आले आणि पुढची पस्तीस वर्षे तेथेच राहिले.

त्या काळी न्यूमोनियाचे नाव ऐकले, की माणसांच्या काळजाचे पाणी होई. अमेरिकेत मृत्यूच्या कारणांत या आजाराचे स्थान अगदी वरचे होते. धडधाकट माणसाला थंडी वाजून ताप भरे, श्वास लागे आणि आठवड्याभरात तो जगणार की जाणार याचा निकाल लागे. पेनिसिलिन अजून कोणाला माहीत नव्हते. हा आजार बहुधा न्यूमोकोकस नावाच्या जीवाणूमुळे होई. कोल आणि त्यांचे सहकारी घोड्याच्या शरीरात हे जीवाणू टोचून त्याच्या रक्तातून औषधी रक्तजल तयार करत. पण त्यात एक मोठी अडचण होती. न्यूमोकोकसचे अनेक प्रकार आहेत. एका प्रकारावर तयार केलेले रक्तजल दुसऱ्या प्रकारावर चालत नाही. म्हणजे रुग्णाच्या शरीरात नेमका कोणता प्रकार आहे, हे लवकर कळले तरच त्याचा जीव वाचण्याची आशा.

ॲव्हरी आणि त्यांचे मित्र अल्फॉन्स डोशे या प्रश्नाच्या मागे लागले. १९१७ साली त्यांना दिसले, की न्यूमोकोकस आपल्या अंगातील एक पदार्थ बाहेर सोडतो आणि तो रुग्णाच्या रक्तात व लघवीत सापडतो. त्या पदार्थावरून जीवाणूचा प्रकार झटपट ओळखता येऊ लागला. याच सुमारास पहिले महायुद्ध चालू होते. ॲव्हरी अमेरिकेचे नागरिक नव्हते, म्हणून ते साधे शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाले आणि सैन्यातील डॉक्टरांना शिकवू लागले. १९१८ साली त्यांना नागरिकत्व मिळाले आणि ते कॅप्टन झाले.

युद्ध संपल्यावर त्यांनी मायकेल हायडेलबर्गर या रसायनशास्त्रज्ञाच्या मदतीने तो पदार्थ शुद्ध केला. १९२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो पदार्थ म्हणजे एक प्रकारची शर्करा होती. न्यूमोकोकसच्या अंगाभोवती या शर्करेचे कवच असते. या कवचामुळे आपल्या रक्तातील संरक्षक पेशींना तो सहज गिळता येत नाही. म्हणूनच तो इतका घातक ठरतो. प्रत्येक प्रकाराचे कवच वेगळ्या शर्करेचे असते. शरीराची प्रतिकारशक्ती केवळ प्रथिनांना ओळखते, असे तोवर बहुतेक शास्त्रज्ञ मानत होते. त्या समजुतीला येथे धक्का बसला. सगळे जण मानतात म्हणून एखादी गोष्ट खरी असतेच असे नाही, हा धडा ॲव्हरींना या कामातून मिळाला. पुढे तो त्यांच्या फार उपयोगी पडला.

ॲव्हरींची राहणी अगदी साधी होती. त्यांनी लग्न केले नाही. मित्र डोशे यांच्याबरोबर ते एका घरात अनेक वर्षे राहिले. त्यांची प्रयोगशाळाही साधीच होती. गॅसची शेगडी, काचेच्या नळ्या आणि प्लॅटिनमची तार एवढ्या सामानावर त्यांचे बरेचसे काम चाले. सहकारी त्यांना प्रेमाने प्रोफेसर या शब्दाचे छोटे रूप करून फेस म्हणत. हाताखालच्या तरुणांना ते हुकूम सोडत नसत. एखादा कूट प्रश्न ते गोष्ट सांगावी तसा रंगवून सांगत आणि ऐकणाऱ्याला तो आपोआप आपला वाटू लागे.

रेने द्युबो हा तरुण असाच त्यांच्याकडे आला. तो मातीतील जीवाणूंचा अभ्यासक होता. न्यूमोकोकसच्या कवचाचा नाश करील असे काही निसर्गात असेल का, हा प्रश्न ॲव्हरींनी त्याच्यापुढे ठेवला. द्युबो म्हणाला, की असे काहीतरी मातीत असलेच पाहिजे, नाहीतर पृथ्वीवर या शर्करेचे ढीग साचले असते. त्याने दलदलीच्या मातीत शोध घेतला आणि या कवचावरच जगणारा एक जीवाणू शोधून काढला. त्या जीवाणूपासून मिळवलेले विकर तिसऱ्या प्रकारच्या न्यूमोकोकसचे कवच विरघळवून टाकी. १९३० साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्या विकराने उंदरांचे प्राण वाचले. एका जीवाणूकडून दुसऱ्या जीवाणूविरुद्ध काम करून घेण्याचा हा एक सुंदर नमुना होता.

आता या कथेला लंडनहून वळण मिळते. तेथे फ्रेडरिक ग्रिफिथ नावाचे एक अतिशय शांत स्वभावाचे शास्त्रज्ञ न्यूमोकोकसवर काम करत होते. न्यूमोकोकसचे दोन रूपांत प्रयोग करता येतात. एक रूप कवच असलेले. ते काचेच्या बशीत वाढवले, की त्याच्या वसाहती गुळगुळीत व चकचकीत दिसतात. दुसरे रूप कवच नसलेले. त्याच्या वसाहती खडबडीत असतात आणि ते जीवाणू निरुपद्रवी असतात. ग्रिफिथ यांनी उंदरांना खडबडीत जीवाणू टोचले. उंदीर जगले. दुसऱ्या उंदरांना उष्णतेने मारलेले गुळगुळीत जीवाणू टोचले. तेही जगले. मग त्यांनी जिवंत खडबडीत आणि मेलेले गुळगुळीत जीवाणू एकत्र करून टोचले. त्या उंदरांना संसर्ग होऊन ते मेले! त्यांच्या रक्तात जिवंत, कवचधारी, गुळगुळीत जीवाणू सापडले. मेलेल्या जीवाणूंनी जिवंतांना जणू आपले कसब शिकवले होते आणि त्या जिवंतांची पिल्लावळही कवच घेऊनच जन्माला येत होती. १९२८ साली ग्रिफिथ यांनी हे प्रसिद्ध केले.

ॲव्हरींना हे पटेना. न्यूमोकोकसचे प्रकार ठरलेले असतात, एकाचा दुसरा होत नाही, याच पायावर त्यांचे वर्षानुवर्षांचे काम उभे होते. प्रकारच बदलू लागले, तर तो पाया हलणार होता. आपल्या मताला धक्का देणारा प्रयोग चुकीचा आहे असे म्हणून गप्प बसणे सोपे होते. पण त्यांच्याच प्रयोगशाळेतील मार्टिन डॉसन या सहकाऱ्याने ग्रिफिथ यांचा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि तो खरा निघाला. लवकरच उंदरांशिवाय, नुसत्या काचेच्या नळीतही हा बदल घडवता आला. पुढे जेम्स ॲलोवे या सहकाऱ्याने मेलेल्या जीवाणूंचा अर्क गाळून घेतला. त्यात एकही पूर्ण जीवाणू नव्हता. तरी त्या अर्काने खडबडीत जीवाणूंचे गुळगुळीत जीवाणू केले! आता शंकेला जागा उरली नाही. ॲव्हरींनी आपले जुने मत सोडले आणि नवा प्रश्न हाती घेतला. त्या अर्कात असे काय आहे, की जे जीवाणूचा स्वभाव कायमचा बदलते?

हे काम सोपे नव्हते. मध्येच ॲव्हरींना गळ्यातील ग्रंथीचा आजार जडला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांचे वजन घटले, हात कापू लागले. बरे झाल्यावर त्यांनी कॉलिन मॅक्लिऑड या तरुण डॉक्टरला बरोबर घेऊन काम चालू ठेवले. मॅक्लिऑडही मूळचा कॅनडातील त्याच प्रांताचा होता. एके दिवशी प्रयोग साधे, दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग फसे. महिनोन्‌महिने हाती काही लागत नसे. मॅक्लिऑडने आपोआप न बदलणारा एक खडबडीत जीवाणू निवडून काढला, तेव्हा कुठे प्रयोगात सातत्य आले.

एका वेळी पन्नास ते पंचाहत्तर लिटर पोषक द्रवात जीवाणू वाढवावे लागत. मग ते वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून वेगळे काढावे लागत. या यंत्रातून जीवाणूंचे अदृश्य तुषार हवेत उडत. श्वासाबरोबर ते आत गेले, तर न्यूमोनिया ठरलेला! म्हणून यंत्राला बंद आवरण बसवावे लागले. एवढा खटाटोप करून पंचाहत्तर लिटरमधून शेवटी जो शुद्ध पदार्थ मिळे, तो केवळ १० ते २५ मिलिग्रॅम. म्हणजे चिमूटभर मिठापेक्षाही कमी.

१९४१ साली मॅक्लिऑड दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि मॅक्लिन मॅकार्टी हा तरुण डॉक्टर त्यांच्या जागी आला. त्याच वर्षी लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात ग्रिफिथ मारले गेले. आपल्या प्रयोगातून पुढे काय निघाले, हे त्यांना कधीच कळले नाही. अमेरिकाही युद्धात उतरली. मॅकार्टी नौदलात दाखल झाला, पण त्याची नेमणूक त्याच प्रयोगशाळेत राहिली आणि काम थांबले नाही.

तो पदार्थ कोणता, हे ओळखण्यासाठी त्यांनी एक सरळ पण कसोटीची पद्धत वापरली. प्रत्येक विकर ठरावीक पदार्थच तोडते. मग एकेक विकर घालून पाहायचे आणि कोणत्या विकराने अर्काची शक्ती नष्ट होते ते तपासायचे. प्रथिने तोडणारी विकरे घातली. अर्काची शक्ती कायम राहिली. म्हणजे तो पदार्थ प्रथिन नव्हे. कवचाची शर्करा तोडणारे द्युबोचे विकर घातले. शक्ती कायम. म्हणजे शर्कराही नव्हे. आरएनए तोडणारे विकर घातले, तरी शक्ती कायम. शेवटी डीएनए तोडणारे विकर घातले आणि अर्काची शक्ती पार नाहीशी झाली! दुसऱ्या रासायनिक कसोट्यांनीही डीएनएकडेच बोट दाखवले. शुद्ध केलेल्या अर्कात थेंबाथेंबाने अल्कोहोल टाकून ढवळले, की पांढरे तंतू वेगळे होत आणि रिळावर दोरा गुंडाळावा तसे काचेच्या कांडीभोवती गुंडाळले जात. हा पदार्थ साठ कोटी भागांत एक भाग इतका विरळ केला, तरी जीवाणूचा वारसा बदलत असे.

हे उत्तर फार धक्कादायक होते. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांना वाटे, की वारसा प्रथिनांतूनच येत असणार. प्रथिने वीस प्रकारच्या घटकांची बनतात, त्यामुळे त्यांच्या रचनेत अपार विविधता असते. डीएनएमध्ये घटक फक्त चार. तेही एकाच ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, असा समज होता. इतका साधा पदार्थ जीवनाचा वारसा कसा सांभाळणार? हे मत मांडणारे नामवंत रसायनशास्त्रज्ञ फीबस लेव्हीन हे रॉकफेलर संस्थेतलेच होते.

ॲव्हरी तेव्हा पासष्ट वर्षांचे झाले होते. निवृत्त होऊन नॅशव्हिल येथे धाकट्या भावाजवळ राहायला जायचे त्यांनी ठरवले होते. रॉयही आता जीवाणूशास्त्राचा प्राध्यापक झाला होता. पण हाती आलेले काम अर्धवट टाकून जाणे त्यांच्या मनाला पटेना. मे १९४३ मध्ये त्यांनी रॉयला लांबलचक पत्र लिहून आपला बेत का बदलला ते कळवले. हा पदार्थ जनुकासारखा वागतो, हे त्यांनी त्या पत्रात मोकळेपणाने लिहिले. पण पुरावा पक्का होईपर्यंत त्याचा गाजावाजा करायचा नाही, ही खबरदारीही त्यांनी घेतली. आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊन त्यांनी तो पुन्हा पुन्हा तपासला.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याची भाषा अगदी जपून वापरलेली होती. त्यात कोठेही मोठा दावा नव्हता. कदाचित म्हणूनच जगाने त्याकडे हवे तेवढे लक्ष लगेच दिले नाही. काहींनी उघड विरोधही केला. अर्कात अगदी थोडे प्रथिन राहून गेले असेल आणि खरे काम त्याचेच असेल, असा आक्षेप त्यांच्याच संस्थेतील आल्फ्रेड मर्स्की यांनी घेतला. ॲव्हरींनी वाद घातला नाही. त्यांनी उत्तर दिले ते आणखी प्रयोग करून. १९४६ साली मॅकार्टीने डीएनए तोडणारे विकर शुद्ध स्वरूपात वापरून तोच निष्कर्ष पुन्हा सिद्ध केला.

ज्यांना या निबंधाचे महत्त्व कळले, त्यांनी मात्र आपल्या आयुष्याची दिशाच बदलली. अर्विन चारगाफ यांनी डीएनएच्या चार घटकांचे प्रमाण मोजायला घेतले. जोशुआ लेडरबर्ग या तरुणाने जीवाणूंच्या आनुवंशिकतेचा अभ्यास सुरू केला आणि पुढे १९५८ साली त्याला नोबेल पुरस्कार मिळाला. १९५२ साली हर्षी आणि चेस यांच्या प्रयोगाने ॲव्हरींच्या निष्कर्षाला बळ दिले. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची पिळाच्या शिडीसारखी रचना जगापुढे मांडली.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १९४५ साली ॲव्हरींना कोपली पदक दिले. ते घ्यायला ते लंडनला गेले नाहीत. सोसायटीचे अध्यक्ष सर हेन्री डेल यांनी ते पदक स्वतः न्यूयॉर्कला नेऊन त्यांच्या हाती दिले. नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण तो त्यांना मिळाला नाही. त्यांच्या कामाचे मोल सर्वांना पटेपर्यंत फार उशीर झाला होता. १९४८ साली ते नॅशव्हिलला गेले आणि भावाच्या कुटुंबाजवळ शांतपणे राहिले. तेथेच २० फेब्रुवारी १९५५ रोजी वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ॲव्हरींच्या कामातून पुढे किती वाटा फुटल्या! बाहेरचा डीएनए जीवाणूच्या अंगात शिरून त्याचा गुणधर्म बदलतो, हे त्यांनी दाखवले होते. याच तत्त्वावर पुढे माणसाच्या इन्सुलिनचे जनुक जीवाणूत घालण्यात आले. १९७८ साली जीवाणूंनी माणसाचे इन्सुलिन तयार केले आणि १९८२ साली ते औषध म्हणून विकायला परवानगी मिळाली. त्याआधी मधुमेहाच्या रुग्णांना जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर अवलंबून राहावे लागे. १९९५ साली एका जीवाणूच्या संपूर्ण डीएनएचे वाचन झाले. २००१ साली ॲव्हरींच्या न्यूमोकोकसचेही वाचन प्रसिद्ध झाले. त्याचा सारा वारसा सुमारे साडेएकवीस लाख अक्षरांत सामावलेला आहे. ही सारी अक्षरे त्याच चार घटकांची आहेत. ज्यांना शास्त्रज्ञ फार साधे समजत होते, ते हेच घटक!

न्यूमोनियाशी त्यांनी सुरू केलेली लढाईही वाया गेली नाही. १९३० च्या सुमारास त्यांनी वॉल्टर गोबेल यांच्यासह दाखवले होते, की न्यूमोकोकसची शर्करा प्रथिनाला जोडून टोचली, तर शरीर तिच्याविरुद्ध चांगला प्रतिकार उभा करते. याच तत्त्वावर आजची लहान मुलांची न्यूमोकोकसची लस तयार होते. भारताच्या सरकारी लसीकरणात ही लस २०१७ सालापासून टप्प्याटप्प्याने आली. आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारच्या न्यूमोकोकसविरुद्ध अशी लस तयार केली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात उपलब्ध झाली. आरोग्य केंद्रात आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाला ही लस टोचली जाते, तेव्हा तिच्यामागे ॲव्हरींच्या साध्या प्रयोगशाळेतील कष्टही असतात.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९६५ साली एका प्रवेशद्वाराला ॲव्हरींचे नाव देण्यात आले. मोठा पुतळा नाही, घुमट नाही, फक्त एक दार. ते नाव त्या दाराला शोभते. कारण वारशाच्या ज्ञानाचे दार ज्यांनी उघडले, ते स्वतः बाजूला उभे राहिले आणि इतरांना आत जाऊ दिले.

शब्दार्थ

किरकोळ – बारीक, सडपातळ
किमया – जादूसारखी करामत
विरजण – दूध दह्यात बदलण्यासाठी घालतात ते थोडे दही
काटेकोर – अगदी अचूक
काळजाचे पाणी होणे – खूप घाबरणे
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ
कूट – समजायला अवघड
कसब – हुन्नर, कौशल्य
पिल्लावळ – पुढची संतती
खटाटोप – खूप धडपड
जनुक – आनुवंशिक गुण पुढे नेणारा घटक
आक्षेप – हरकत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ॲव्हरींचा जन्म कोठे झाला?
(आ) न्यूमोकोकसचे कवच कशाचे बनलेले असते?
(इ) ॲव्हरींना कोपली पदक कोणत्या साली मिळाले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ॲव्हरींनी दवाखाना का सोडला?
(आ) ग्रिफिथ यांच्या प्रयोगात उंदीर केव्हा मेले? त्यातून काय दिसले?
(इ) अर्कातील पदार्थ डीएनए आहे, हे विकरांच्या साहाय्याने कसे ओळखले?

३. कारणे लिहा.
(अ) ग्रिफिथ यांचा शोध ॲव्हरींना सुरुवातीला पटला नाही.
(आ) डीएनएमधून वारसा येतो, हे शास्त्रज्ञांना खरे वाटेना.

४. वाक्यात उपयोग करा.
काळजाचे पाणी होणे, धीर न सोडणे, पाया हलणे, हाती लागणे.

५. आपले एखादे मत चुकीचे आहे असे पुराव्याने कळले, तर आपण काय करावे? ॲव्हरींच्या उदाहरणावरून आठ-दहा ओळी लिहा.